लाइनवर तिसरा

"मंगळवारी तू सानूला काय म्हणालीस? 'एवढा बाबा आवडत असेल तर जा तिकडेच राहायला.' म्हणालीस की नाही?"

निनादनं आवाज न चढवता विचारलं. सांगलीच्या कौटुंबिक न्यायालयात समुपदेशकांची एक अरुंद खोली होती. टेबलापलीकडे तेरदाळेमॅडम, अलीकडे आम्ही दोघं, मध्ये एक रिकामी खुर्ची.

मी म्हणाले होते. स्वयंपाकघरात, पोळी तव्यावर असताना, दिवसभराची ड्युटी अंगावर असताना.

"म्हणाले," मी म्हटलं. "मग तिला जवळ घेतलं, तेही कळलं असेल तुला."

"आणि तुझ्या आत्यांना म्हणालीस, 'मला नाही झेपत आता.' मॅडम, हे हिचे शब्द आहेत. ज्या बाईला स्वतःलाच झेपत नाही, तिच्याकडे आठ वर्षांची मुलगी ठेवायची का, एवढंच माझं म्हणणं आहे."

मॅडम लिहीत होत्या. त्या जे लिहितील ते न्यायाधीशांपुढे जाणार होतं आणि सानिका कोणाकडे राहणार हे बरंचसं त्यावर ठरणार होतं.

"तुम्हाला हे सगळं कसं कळतं?" त्यांनी निनादला विचारलं.

"सानूच सांगते. शनिवारी माझ्याकडे येते तेव्हा मन मोकळं करते. लहान आहे, पण तिला समजतं."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "तेजश्रीताई, मुलीला एकदा शांतपणे विचारून बघा. ती वडिलांना काय सांगते, का सांगते."

"नाही विचारणार."

त्यांचं पेन थांबलं. "का?"

"नाही विचारणार, एवढं लिहा."

निनाद हसला. लग्नाची दहा वर्षं मी ते हसू पाहिलं होतं. समोरच्याचा माइक आपण बंद केलाय आणि ते त्याला अजून कळलेलं नाही, असं ते हसू. त्याचा साउंड सिस्टिमचा धंदा होता.

मिरजेच्या बसमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं. 'मला नाही झेपत' हे मी ज्या दिवशी म्हणाले, त्या दिवशी सानिकाच्या शाळेची सहल दंडोबाच्या डोंगरावर गेली होती. ती घरातच नव्हती.

कुमुदआत्या मला लक्ष्मी मार्केटच्या कोपऱ्यावर भेटली. ही माझी वडिलांकडची आत्या. तिनं लग्न केलं नाही, मिरजेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर किल्ला भागात दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. निनादचं घर सोडल्यावर मी सानिकाला घेऊन तिच्याकडेच आले होते. भेंडीची टोकं मोडत मोडत तिनं सगळं ऐकून घेतलं.

"सानिका नव्हती घरात. नक्की?"

"नक्की."

"मग लाइनवर तिसरा आहे," ती म्हणाली आणि भाजीवाल्याला म्हणाली, "ही भेंडी आहे का बांबू? दुसरी दाखव."

"आत्या, मी गंभीरपणे सांगतेय."

"मीही गंभीरच आहे. दोघं बोलत असताना तिसऱ्यानं गुपचूप रिसीव्हर उचलला की आवाज किंचित बसायचा. आम्हाला कानाला कळायचं. नव्या पोरी लगेच ओरडायच्या, कोण आहे लाइनवर! की तो ठेवून मोकळा. पुरावा काय राहिला मग?"

"मग तू काय करायचीस?"

"त्याला खोकायला लावायची. असं काहीतरी बोलायचं, की त्याला गप्प राहवलं नाही पाहिजे." तिनं पिशवी माझ्या हातात दिली. "घरात गेल्यावर यातलं अक्षर बोलायचं नाही. आणि विचारून बघ गं सानिकाला, निदान..."

"नाही, आत्या."

"बरं बाई. बापावर गेलीस अगदी."

दुसऱ्या दिवशी सानिका शाळेत गेल्यावर आम्ही घर तपासलं. मोबाइलचा टॉर्च लावून स्विचबोर्डच्या भोकांत पाहिलं. घड्याळ उतरवलं, बल्ब काढले, चार्जर बदलले, गणपतीच्या फ्रेमची मागची बाजू पाहिली. बोलायचं नाही म्हणून आत्या हातवारे करत होती आणि तिचे हातवारे तिच्या बोलण्याहून मोठे होते. तांदळाच्या डब्यात तिनं कोपरापर्यंत हात घातला, बाहेर काढला, मला रिकामा पंजा दाखवला. सोफ्याच्या उशा उसवायच्या का, असं तिनं कात्री हलवून विचारलं. मी नको म्हटलं. त्या सोफ्यावर सानिका रविवारी संध्याकाळी बापाकडून परतली की बुटांसकट आडवी व्हायची आणि दगडासारखी झोपायची. तो तिला रात्रभर टीव्ही दाखवतो, असं मला वाटायचं.

काहीच सापडलं नाही.

मी मिशन भागातल्या एका हॉस्पिटलमध्ये एक्स-रे टेक्निशियन होते. आमच्या कॉम्प्युटर विभागात शेट्टी म्हणून एक जण होता. जेवणाच्या सुट्टीत त्याला गाठलं.

"घरातला वायफायचा डबा कोणी बसवला?" त्यानं पहिलाच प्रश्न केला.

"माझ्या नवऱ्यानं. तीन दिवाळ्यांपूर्वी, पाडव्याला."

"आणि पासवर्ड?"

"जोतिबा. आमचं कुलदैवत. आत्यानंच सांगितला होता त्याला."

"तुम्ही वेगळ्या झाल्यावर बदलला?"

बदलला नव्हता. जावयानं पाडव्याला हौसेनं आणून बसवलेली वस्तू होती ती. आत्यानं तिला कुंकू लावलं होतं, ते अजून डब्यावर तसंच होतं. मी नवऱ्याचं घर सोडलं, मंगळसूत्र काढून ठेवलं, पण भिंतीवरच्या त्या डब्याला दोघींपैकी कोणीही हात लावला नव्हता.

शेट्टीनं मान हलवली. "मॅडम, त्या डब्याचा मालक अजून तेच आहेत. तुमचा फोन घरात शिरला की त्यांच्या फोनवर दिसत असणार. तुम्ही किती वाजता येता, कोण पाहुणे येतात, सगळं. डब्याच्या सेटिंगच्या पानावर कसं जायचं ते सांगतो. काय काय जोडलंय ते पाहा, मग एकेक वस्तू बंद करत जा."

संध्याकाळी सानिका गाण्याच्या क्लासला गेली होती. मी फोनवर ते पान उघडलं. या पानाचा पासवर्ड वेगळा, तोही त्यानं ठेवलेला तसाच होता: त्याच्या धंद्याचं नाव. पाच वस्तू जोडलेल्या दिसत होत्या. माझा फोन, आत्याचा फोन, टीव्ही, सानिकाचा अभ्यासाचा टॅब. पाचवीला नाव नव्हतं, नुसते आकडे होते.

टीव्ही बंद केला, टॅब बंद केला, आत्याचा फोन बंद केला. पाचवी तिथंच. मग मी हातात फोन धरून बसले आणि आत्या घरभर फिरून एकेक प्लग काढू लागली. मिक्सर. इस्त्री. फ्रिज. पाचवी हलेना. आत्या सानिकाच्या टेबलापाशी गेली आणि थबकली. तिथं प्लगमध्ये एकच वस्तू होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तिनं प्लग काढला.

पाचवी गेली.

तो सानिकाचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा होता. वाढदिवसाला बापानं दिलेला, लाकडी पेटीचा, पुढं जाळी असलेला. घर तपासताना आत्यानं त्याच्यावरून फडकं फिरवलं होतं आणि पुढं गेली होती. सूर देणारी वस्तू कान देत असेल, असं आमच्या डोक्यात आलंच नाही. निनादनं सानिकाला बजावलं होतं, बटण बंद कर पण प्लग काढू नकोस, सूर हलतो. आणि सानिका त्या प्लगची राखण करायची. मी एकदा इस्त्रीसाठी काढायला गेले तर किंचाळली होती, "आई, बाबांनी सांगितलंय!"

आत्यानं पेटी डोक्यावर उचलली. ती फरशीवर आपटणार होती, यात मला शंका नाही. मी तिचे दोन्ही दंड धरले. पेटी हळूच खाली ठेवली आणि प्लग पुन्हा लावला. मग मोठ्यानं म्हणाले, "लाइट गेली होती वाटतं. आली."

"आली बाई," आत्या म्हणाली. तिनं वेळ साधली.

पेटी उघडली असती तर उद्या तो म्हणाला असता, हिनंच आत काहीतरी घातलं. न उघडता आत पाहायचं हे माझं रोजचं काम होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाळीसमोर उभं राहून सानिकाला म्हटलं, "बाईंनी तानपुरा क्लासात मागवलाय गं, त्यांचा बिघडलाय," आणि तो रिक्षात घालून हॉस्पिटलला नेला. वाटेत सतारमेकर गल्लीतल्या दुकानातून त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा दुसरा तानपुरा दिवसापुरता मागून घेतला.

आमचे रेडिओलॉजिस्ट डॉक्टर कित्तूर यांना सगळं सांगितलं आणि रीतसर परवानगी मागितली. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"पेशंटचं नाव काय घालू?"

"तानपुरा."

"वय?"

"सहा महिने."

"तक्रार?"

"ऐकू जास्त येतं, सर."

दोन फिल्म काढल्या. लाइट बॉक्सवर शेजारी शेजारी लावल्या. दुकानातल्या पेटीत एक मोठी पट्टी, एक स्पीकर, एक ट्रान्सफॉर्मर. आमच्या पेटीत हे सगळं होतंच. शिवाय कोपऱ्यात काडेपेटीएवढी आणखी एक पट्टी, तिच्यातून निघालेली बारीक वायर आणि जाळीच्या मागं हरभऱ्याएवढा गोल ठिपका. वायर दोन वेढे देऊन उलट्या गाठीनं बांधलेली होती. निनाद स्टेजवरची प्रत्येक वायर तशीच बांधायचा. घरातली कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा.

"फ्रॅक्चर नाही," डॉक्टर म्हणाले. मग एकदम गंभीर झाले. "पोलिसांत जा, तेजश्री. आजच."

सब-इन्स्पेक्टर रेश्मा मुजावर यांनी दोन्ही फिल्म खिडकीशी धरून पाहिल्या.

"आत काय आहे ते कळलं. घातलं कुणी, हे फिल्म सांगत नाही. तो म्हणेल, दुकानातूनच असं आलं."

"ही गाठ त्याची आहे, मॅडम."

"गाठ कोर्टात उभी राहत नाही, ताई."

"मग त्याला खोकायला लावायचं," आत्या म्हणाली. मुजावरमॅडमनी भुवया उंचावल्या. आत्यानं त्यांना ट्रंक लाइनची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, मध्ये एकदाही श्वास न घेता.

तानपुरा त्याच संध्याकाळी परत सानिकाच्या टेबलावर, प्लगमध्ये गेला. गुरुवारी दुपारी मुजावरमॅडम साध्या साडीत आमच्याकडे आल्या. फोन गाडीतच ठेवला, चपला जिन्यात काढल्या. सानिका शाळेत होती. आत्यानं पाहुणचार म्हणून चकल्यांची ताटली त्यांच्यापुढं ठेवली आणि मग तोंडावर हात मारून घेतला, कारण चकली वाजते. पण मुजावरमॅडमनी एक उचलून तोंडात धरली आणि न चावता विरघळवू लागल्या.

मी तानपुऱ्याच्या जवळची खुर्ची ओढून बसले.

"आत्या, एक सांगू? मस्कतच्या हॉस्पिटलचं पत्र आलं. शुक्रवारी पहाटेचं विमान आहे, पुढच्या. सानिकाला घेऊन जाते. कोर्टाला कळेपर्यंत आम्ही तिकडे."

"अगोबाई, मस्कत!" आत्या इतक्या जोरात ओरडली की खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल. "आणि ड्युटीला काय उंटावरून जाणार?"

मुजावरमॅडमनी पदर तोंडात कोंबला. मी आत्याकडे डोळे वटारले.

"चेष्टा नको. सानिकालाही सांगू नकोस. विमानतळावर गेल्यावरच सांगेन तिला."

"नाही सांगत बाई. माझ्या ओठाला कुलूप." आणि मग, ठरलेलं नसताना, खालच्या आवाजात ती म्हणाली, "पण तू गेल्यावर मी काय करू गं इथं?" ते नाटक नव्हतं. कोर्टाचा निकाल विरुद्ध गेला तर सानिका खरंच जाणार होती, मस्कतला नाही तरी सांगलीला. मी काही बोलले नाही. जाळीमागच्या ठिपक्यानं तेवढी शांतताही ऐकली असणार.

पुढच्या मंगळवारी पुन्हा तीच खोली, तीच रिकामी खुर्ची. मी बसायच्या आत निनाद सुरू झाला.

"मॅडम, ही मुलीला देशाबाहेर पळवतेय. मस्कत. शुक्रवारी पहाटेचं विमान. माझे वकील आजच अर्ज टाकतायत."

तेरदाळेमॅडमनी पेन ठेवलं. "तुम्हाला कुठून कळलं?"

"सानूनं सांगितलं. रविवारी. रडत होती पोर."

"सानिकानं?" मी विचारलं.

"मग काय मला स्वप्न पडलं?"

"काय म्हणाली ती? नीट सांग."

"म्हणाली, आई आणि आत्याआजी बोलत होत्या, मी ऐकलं. आई मला मस्कतला नेणार आहे."

"पुन्हा एकदा सांग. ती म्हणाली?"

"किती वेळा सांगू? ती म्हणाली!"

मी पिशवीतून दोन्ही फिल्म काढल्या आणि खिडकीच्या काचेला चिकटपट्टीनं लावल्या. बाहेर स्वच्छ ऊन होतं. सगळं लख्ख दिसत होतं.

"मॅडम, माझ्याकडे पासपोर्टच नाही. मस्कत असं काही नाही. हे वाक्य मी आयुष्यात एकदाच उच्चारलं, गुरुवारी दुपारी, सानिका शाळेत असताना, या वस्तूसमोर. डावीकडचा दुकानातला तानपुरा आहे. उजवीकडचा यानं मुलीला वाढदिवसाला दिलेला. हा ठिपका म्हणजे त्यानं आमच्या घरात ठेवलेला कान."

निनाद फिल्मकडे पाहत होता. वायरच्या गाठीकडे. त्याचं ते हसू प्रथमच चेहऱ्यावर नव्हतं.

"हिचं आणि आत्यांचं संगनमत आहे. दोघी मिळून काहीही सांगतील."

दार उघडून मुजावरमॅडम आत आल्या. या वेळी गणवेशात. "तिसरी मी होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही चौथे."

त्यानं फिल्मवरची नजर काढली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "बाप आहे मी. माझ्या मुलीचा आवाज ऐकायचा मला हक्क नाही का?"

"तिचा आवाज ऐकायचा होता तर तिला फोन करायचास," मी म्हटलं. "तू चोरी केलीस आणि आठ वर्षांच्या पोरीला चोर ठरवलंस. माझ्यासमोर, याच खुर्चीत, दोनदा."

निघताना तेरदाळेमॅडमनी मला दारात थांबवलं. "एक विचारते. पहिल्याच दिवशी मुलीशी बोलला असतात तर हे लवकर उलगडलं नसतं का?"

"उलगडलं असतं कदाचित. पण मग तिनं घरात तोंड उघडताना विचार केला असता. तेवढं एक त्याच्या हाती लागू द्यायचं नव्हतं."

आत्या बाहेरच्या बाकावर बसली होती. मी सांगू लागले तर तिनं हात वर केला. "दारातून ऐकू आलं. खोकला की नाही?"

घरी आल्याबरोबर तिनं भिंतीवरचा डबा उतरवला. शेट्टीनं फोनवर सांगितलं, मागं एक बारीक भोक आहे, त्यात टोकदार काहीतरी घालून दाबून धरा, तो सगळं विसरेल. आत्यानं बांगडीतली सेफ्टी पिन काढून दिली. मी दाबून धरलं. डब्याचे दिवे विझले, पुन्हा लागले. आत्यानं पदराला थुंकी लावून तीन वर्षांचं कुंकू पुसलं.

"आता पासवर्ड काय? खंडोबा?"

"देव नको, आत्या. कुणाचं नाव नको, जन्मतारीख नको."

"मग लक्षात कसा राहायचा?"

"तू अख्ख्या जिल्ह्याचे नंबर पाठ ठेवायचीस."

ती खुलली. मग आम्ही दोघींनी मिळून इतका विचित्र पासवर्ड केला की तिला तो आजही येतो आणि मला येत नाही.

सानिका शाळेतून आली तेव्हा टेबल रिकामं होतं. तानपुरा मुजावरमॅडम घेऊन गेल्या होत्या.

"माझा तानपुरा?"

खोटं सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. तिला समोर बसवलं. "त्यात एक यंत्र होतं. आपण घरात जे बोलायचो ते बाबांना ऐकू जायचं."

तिचं दप्तर अजून पाठीवरच होतं.

"सगळं?"

"सगळं."

"म्हणजे ते... मी नाही सांगितलं?"

मला कळेना. "तू? तू कधी सांगितलंस?"

"मला नाही माहीत." तिनं दप्तराचा पट्टा घट्ट धरला. "बाबा म्हणायचे, मला सगळं माहिती असतं, तूच सांगतेस. मी म्हणायची, मी नाही सांगितलं. तर ते म्हणायचे, तू झोपेत बोलतेस. म्हणून मी तिकडे झोपायचीच नाही, आई. शनिवारी रात्री मी जागीच राहायची. उशी तोंडात धरायची."

आत्या भांडी घासत होती. नळ बंद झाला.

मी सानिकाच्या पाठीवरचं दप्तर काढलं. "तू काही सांगितलं नाहीस. झोपेतही नाही, जागेपणीही नाही. आणि मला एकदाही तसं वाटलं नाही."

"एकदापण?"

"एकदापण."

मुलगी माझ्याकडेच राहिली. पोलिसांची केस पुढं काही वर्षं रेंगाळली आणि निनादला शिक्षा झाली. आज सानिका पुण्यात शिकते, गाते, आणि फोनवर मनात येईल ते बोलत सुटते. पण मला तो खटला आठवत नाही. ती संध्याकाळ आठवते. जेवता जेवताच तिचे डोळे मिटायला लागले होते. तिला पलंगावर ठेवलं, पांघरूण घातलं. आम्ही दोघी दारात उभ्या होतो, तेवढ्यात ती कूस बदलून झोपेत काहीतरी पुटपुटली. लांबलचक, एक अख्खं वाक्य.

आत्या चटकन पुढं झाली, कान देऊन. "काय म्हणतेय गं?"

मी तिचा हात धरून तिला मागं घेतलं आणि दार ओढून घेतलं.

"ऐकू नकोस, आत्या. बोलू दे तिला."